घरच्या घरी सर्किट बोर्ड (भाग ५) : दोन्ही बाजूंना तांबे
कारखान्यातल्या दुहेरी बोर्डाचे छिद्र आतून तांब्याने मढवलेले असते. घरच्या बोर्डाचे नसते. वरचा पट्टा खालच्याशी आपोआप जोडला जात नाही, आणि आराखड्याचे जवळपास सगळे नियम एवढ्यातूनच निघतात.

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावात हाताशी असलेले उदाहरण म्हणजे शेतपंपाचा ‘ऑटो’. थ्री-फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. तिन्ही फेज आल्याची खात्री करून, थोडे थांबून स्टार्टर चालू करणे हे ऑटोचे काम. एकाच बाजूला हे सगळे बसवताना जंपर तारांचे जाळे होते. दुसरी बाजू मिळाली की ते सुटते. मोटारीचा प्रवाह मात्र बोर्डावरून कधीच नेऊ नये. फेज तपासण्यासाठी आलेल्या ४१५ व्होल्टच्या पट्ट्यांमध्ये निदान ६ मिमी मोकळी जागा हवी.

आयसीचा सॉकेट, रिले आणि मोठे कपॅसिटर बोर्डाला चिकटून बसतात. त्यांच्याखाली वरून सोल्डरिंग गनचे टोक पोचत नाही, म्हणून त्यांचे पट्टे खालच्या बाजूनेच काढावेत. रेझिस्टरचा पाय दोन्हीकडून डागता येतो. तोच पूल होतो. बाकी ठिकाणी १ मिमीचे छिद्र पाडून, कापून उरलेला रेझिस्टरचा पाय आरपार घालावा आणि दोन्हीकडे डाग द्यावा.

इस्त्रीने टोनर उतरवताना खालच्या बाजूची छपाई सरळ आणि वरच्या बाजूची आरशातली हवी. सर्वाधिक बोर्ड इथेच वाया जातात. दोन्ही कागद उजेडावर धरून, जुळवून त्यांचे पाकीट करण्याची पद्धत झटपट आहे, पण कागद सरकतो. आधी एक बाजू उतरवून, कोपऱ्यांत तीन छिद्रे पाडून, त्यांत टाचण्या खोचून दुसरा कागद बसवणे वेळखाऊ, तरी खात्रीचे. मग नको असलेले तांबे विरघळवताना फेरिक क्लोराइडच्या पसरट ट्रेमध्ये बोर्डाची खालची बाजू मागे राहते. अरुंद प्लास्टिकच्या भांड्यात तो उभा धरून हलवत राहावे. हातमोजे हवेतच.

डागताना आधी आरपार तारा, मग बुटके भाग, रिले शेवटी. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली तार १८३ अंश सेल्सिअसला वितळते. तिच्या पोटातली राळ पुरेशी असते. कल्हईवाल्याचा नवसागर इथे चालत नाही, तो उरला तर पट्टे खातो. भाग बसवण्यापूर्वी प्रत्येक आरपार तार मल्टिमीटरने तपासावी. रिले बसल्यावर त्याच्याखालची चूक सापडते, पण दुरुस्त होत नाही.

वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबे विरघळलेले असते. ते मोरीत, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून त्यावर नाव लिहून ठेवावे. तांबे उतरायला फार वेळ लागेपर्यंत तेच पुन्हा वापरता येते.