वांग्यातली हवा काढा

चंपाषष्ठीच्या आसपास वाळूज भागात वांग्यांना तोटा नसतो. बजाजनगरात राहणाऱ्या कितीतरी कामगारांची शेती गावाकडे असते, आणि सुटीला गेलेला माणूस रिकाम्या पिशवीने परतत नाही. जवळच्याच सातारा गावच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला आणि चातुर्मासात सोडलेलं वांगं पुन्हा ताटात आलं, की दोन दिवस सगळे खूश असतात. मग मुलं नाकं मुरडतात आणि उरलेली वांगी फ्रिजमध्ये जातात.

तिथेच ती बिघडतात. वांगं उष्ण हवेतलं पीक. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या पेशींची पातळ आवरणं निकामी होऊ लागतात, सालीवर खड्डे पडतात, आतल्या बिया काळवंडतात. घरचा फ्रिज तर ४-५ अंशांवर असतो. तेव्हा जास्तीची वांगी कच्ची साठवू नयेत, त्यांचं रूप पालटून ठेवावं.

वांग्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं, तरी ते पाण्यावर तरंगतं. पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा भरलेली असते, म्हणजे गर अगदी स्पंजसारखा. कच्च्या चकत्या तेलात सोडल्या की या पोकळ्या तेल पितात, म्हणून वांग्याचे काप खाताना बोटं बरबटतात. चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवलं, तर पेशींतलं पाणी बाहेर येतं आणि पोकळ्या दबतात. मला त्यापेक्षा वाफवणं पटतं: पाच मिनिटांत गर बसतो, मग रव्यात घोळवून थोड्या तेलावर काप खरपूस होतात.

हवा काढायचा सगळ्यात झकास मार्ग अर्थातच भाजणं. साल जळते, आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. ही वाफ कोंडली तर वांगं फुटतं, म्हणून आधी टोचे मारायचे. टोचे कसले, सरळ चीर देऊन आत बघावं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अजून गेलेली नाही. तिच्यावर उपाय म्हणून शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. तेव्हा पारख आपल्याच डोळ्यांनी करायची.

सगळी वांगी एकदमच भाजून टाका. गर चाळणीत निथळवा आणि एका वेळेपुरत्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पेशी आधीच मोडलेल्या असल्याने गोठण्याने आणखी काही बिघडत नाही. मात्र हा गर तेलात बुडवून बरणीत बाहेर ठेवण्याच्या फंदात पडू नका. आंबटपणा कमी आणि हवा नाही, अशा जागी बोट्युलिझमचे जंतू घातक विष तयार करू शकतात.

या गरात थालीपिठाचं पीठ मळा, पाणी जवळजवळ लागत नाही आणि थालीपीठ गार झालं तरी मऊ राहतं. येसराच्या आमटीत दोन चमचे घातला की आमटी दाट होते. लेबनॉन-सीरियाकडे भाजलेल्या वांग्यात तिळाची पेस्ट, लसूण आणि लिंबू घालतात. आपल्याकडे तीळ भाजून बारीक वाटले की तेच जमतं. बाजरीच्या भाकरीबरोबर हे प्रकरण इतकं छान लागतं, की आपल्या आज्यांना कसं सुचलं नाही याचं नवल वाटतं.

उरली छोटी काटेरी वांगी. ती भरायचीच. शेंगदाण्याचं कूट, कारळं, काळा मसाला सगळ्यांना ठाऊक. चिंच कधी घालायची यावर मात्र घराघरांत वाद. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहज विरघळत नाही, म्हणून चिंच आधी घातली तर वांगी अखंड राहतात, पण शिजायला वेळ घेतात. सकाळच्या पाळीला डबा द्यायचा असेल, तर वांगी निम्मी शिजल्यावरच चिंचेचा कोळ घाला.