बिनव्याजी बँक म्हणजे नेमकं काय? ‘हलाल नफा’ म्हणून पैसे देण्याआधी हे वाचा

केदारखेडा (ता. भोकरदन) : बँकेचं व्याज घ्यावं की नाही, हा प्रश्न अनेक मुस्लिम घरांत असतो. काही जण खात्यावर जमा झालेलं व्याज वेगळं काढून गरजूला देऊन टाकतात. नेमकी हीच अडचण हेरून ‘व्याज नाही, हलाल नफा’ असं सांगत पैसे गोळा करणारे येतात. म्हणून इस्लामी बँक म्हणजे काय आणि ती बोलल्याप्रमाणे वागते का, हे समजून घेतलेलं बरं.

मूळ कल्पना आपल्या बटईसारखी आहे. एकाची जमीन, दुसऱ्याची मेहनत, आणि आलेल्या मालात वाटा. पाऊस गेला तर दोघांचंही नुकसान. पैशाच्या अशा भागीदारीला ‘मुदारबा’ म्हणतात. पैसा देणाऱ्यानं ठरावीक परतावा मागायचा नाही, धंदा बुडाला तर त्याचंही भांडवल बुडतं.

प्रत्यक्षात दुबई, मलेशियातल्या इस्लामी बँकांचा बराच धंदा अशा भागीदारीचा नाही. तो ‘मुराबहा’चा आहे. समजा, तुम्हाला ६० हजारांची पाणबुडी मोटार पाहिजे. बँक ती स्वतः विकत घेते आणि तुम्हाला ६९ हजारांना हप्त्यानं विकते. वरचे ९ हजार हा विक्रीतला नफा, व्याज नव्हे. हप्ता थकला तरी किंमत वाढत नाही. दंड लावलाच तर तो बँकेनं खिशात न घालता दानात द्यायचा असतो. टीकाकार म्हणतात, शेवटी रक्कम तेवढीच जाते. यात दम आहे. खरा फरक एकाच ठिकाणी पडतो : मोटार तुमच्या ताब्यात येण्याआधी जळाली तर नुकसान कोणाचं? बँकेनं ते सोसलं तर व्यापार, नाहीतर कागदावरचा खेळ. खुद्द धर्मपंडितांनीही हे बोलून दाखवलंय. फक्त रोकड मिळावी म्हणून बँकेमार्फत मालाची कागदोपत्री खरेदी-विक्री करण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं २००९ मध्ये नामंजूर केली.

भारतात अशी पूर्ण बँक नाही. १९४९ चा बँकिंग कायदा बँकेला मालाचा व्यापार करू देत नाही. रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. त्याआधी २०१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेनं छोटा प्रयोग केला. बिनव्याजी ठेवी घ्यायच्या आणि त्यातूनच गरजूंना बिनव्याजी कर्ज द्यायचं. बँक तेव्हाचे सहकारमंत्री सुभाष देशमुख यांच्याशी संबंधित, त्यामुळे चर्चा बरीच झाली.

आता दुसरी बाजू. बेंगळुरूच्या आयएमए कंपनीनं ‘हलाल गुंतवणूक’ म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे घेतले. महिन्याला अडीच-तीन टक्के नफा मिळायचा, म्हणजे वर्षाला तीस टक्क्यांच्या वर. जून २०१९ मध्ये मालक मन्सूर खान दुबईला पळाला, जुलैत दिल्लीत पकडला गेला. लोकांनी मुलींच्या लग्नाचे पैसे, दागिने त्यात घातले होते. इथं बटईचा नियम आठवायचा. वर्षानुवर्षं ज्यात एकही महिना तोट्याचा येत नाही, ती भागीदारी कसली?

अर्थात फसवायला धर्मच लागतो असं नाही. ज्ञानराधा मल्टीस्टेटचं प्रकरण मराठवाड्यात ताजं आहे, तिथं सरळ जादा व्याजाचंच आमिष होतं.

पैसे मागणाऱ्याला विचारा : पैसा कोणत्या धंद्यात लावणार? तोटा झाला तर माझ्या वाट्याला किती? हिशेब कोण तपासतो? परवाना कोणाचा? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतही. पतसंस्था, मल्टीस्टेट आणि खासगी कंपनीतल्या पैशाला तो नाही. संशय आला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करता येते.