कागद परगावी पाठवण्यापूर्वी



परगावी जाणाऱ्या माणसाची शिदोरी आपण आदल्या रात्रीच बांधून ठेवतो. वाटेत काय मिळेल, याचा भरवसा नसतो. संगणकावर तयार केलेल्या कागदाचेही तसेच आहे.

समजा, शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी तुम्ही तयार केलीत. तुमच्या पडद्यावर ती स्वच्छ दिसते. पण तालुक्याला उघडली, तर नावांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी! नावच वाचता येईना, तर त्या मुलाचा अर्ज बाजूला पडायचा. यात मुलाचा काय दोष?

असे का होते? पुष्कळ जुन्या मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकावरच देवनागरीची चित्रे बसवलेली असत. तो फाँट दुसरीकडे नसला, की आतली रोमन अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये मात्र 'क' चा क्रमांक जगात कोठेही एकच.

यावर उपाय म्हणून आपण कागदाची पीडीएफ करतो. ही पद्धत अडोबी कंपनीने १९९३ साली आणली. २००८ साली ती आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. हिच्यात अक्षरांचे साचे कागदाबरोबरच बांधून देता येतात. हीच त्याची शिदोरी.

पण थांबा. जुन्या फाँटची पीडीएफ दिसेल ठीक. मात्र तीत नाव शोधू गेलात तर सापडायचे नाही, आणि अंध विद्यार्थ्याला वाचून दाखवणारा संगणक भलतेच काही बोलेल. म्हणून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा आणि नावे हजेरीपटाशी ताडून पाहा. रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात.

मग पान ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर ठेवा. मथळा नुसता ठळक करू नका. त्याला मथळ्याची शैली द्या. चित्राला शब्दांत वर्णन जोडा. शेरे, खाडाखोड काढून टाका. पीडीएफ करताना छपाईची वाट न धरता 'सेव्ह अॅज' ने करा. छपाईच्या वाटेने बहुधा रूप तेवढे उतरते. मथळ्यांची रचना आणि दुवे मागे राहतात.

स्लाइडची गोष्ट थोडी निराळी. सरकणारी चित्रे पीडीएफमध्ये सरकत नाहीत. बी, अंकुर आणि रोप ही चित्रे तुम्ही एकाच स्लाइडवर, एकाच जागी, एकामागून एक आणलीत, तर कागदावर ती एकमेकांवर चढून बसतील. प्रश्नाखाली दडवलेले उत्तरही आधीच उघडे पडेल! तेव्हा प्रत्येक पायरीला वेगळी स्लाइड करा. तोंडी सांगायचे चार शब्द स्लाइडवरच लिहा, कारण वाचणाऱ्याजवळ तुम्ही नसणार.

शेवटी ती पीडीएफ दुसऱ्याच्या फोनवर उघडा. 'ज्ञानेश्वर', 'श्रद्धा' अशी नावे नीट उमटली का, शोधल्यावर सापडतात का, ते पाहा. न सापडली तर फाँट बदलून पुन्हा करा. मूळ फाइल मात्र जपून ठेवा. पुढची दुरुस्ती तिच्यातच करायची आहे.

हे काम पाव तासाचे आहे. त्यासाठी एखाद्या मुलाचे वर्ष अडू नये, एवढेच सांगणे.