दुकानाचा फोटो, मालाचा खरा रंग

परगावचा ग्राहक हल्ली मोबाईलवरच दुकान पाहतो. फोटोत मोरपिशी शालू हिरवा दिसला की माल परत येतो, भरवसाही जातो. म्हणून आम्हा कापडवाल्यांना फोटोची बाब हलकी मानून चालणार नाही.

रंग बिघडतो तो मिश्र उजेडामुळे. पिवळा बल्ब सुमारे २७०० केल्विनचा, पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची. कॅमेरा एका वेळी दोन्ही सांभाळू शकत नाही. तेव्हा एकाच जातीचे दिवे लावावेत, बाकीचे बंद करावेत आणि पांढऱ्या कागदावर कॅमेऱ्याचा रंग जुळवून घ्यावा.

दुसरी अडचण काचेची व आरशाची. उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. म्हणून फ्लॅश बंद ठेवून तिरपे उभे राहावे. पोलरायझर फिल्टरने शोकेसच्या काचेची चमक कमी होते, धातूची मात्र होत नाही. जरीवर उजेड बाजूने घ्यावा.

उजेड कमी असल्यास कॅमेरा स्टँडवर ठेवून शटर सावकाश चालवावे.

व्यापारी बंधूंनो, मापात आपण काटा सरळ ठेवतो. रंगातही तो सरळच असावा.