घासीव पाषाण-कुऱ्हाड आणि तिचा काळ

सोलापूर जिल्ह्यात भीमेकाठच्या नांगरटीत एखादे दगडी पाते वर आले, अंगाने गुळगुळीत, एका टोकाला धार असलेले, तर ते कोणत्या काळातील मानावे? ‘घासीव हत्यार, म्हणून नवाश्मयुगीन’ हे उत्तर चटकन सुचते. महाराष्ट्रापुरते ते अपुरे आहे.

अशा पात्यासाठी प्रथम दगडाचे कपचे काढून आकार देत, ठोचून उंचवटे मोडीत आणि शेवटी खडकावर घाशीत. धार बोथटली की पुन्हा घासता येई. हाच या हत्याराचा मोठा गुण. दक्षिणेस बळ्ळारीजवळच्या संगनकल्लू येथे नवाश्मयुगीन लोक डोलेराइट दगडाच्या कुऱ्हाडी मोठ्या प्रमाणावर घडवीत. उत्तरेस प्रवरेकाठी मात्र चित्र निराळे दिसते. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४–५६ मध्ये नेवासे येथे उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन थरांत तांब्याच्या वस्तूंबरोबरच घासीव कुऱ्हाडीही मिळाल्या. तांबे दुर्मीळ असल्याने दगड मागे पडला नव्हता.

सोलापूर या दोन प्रदेशांच्या मधे येते. त्यामुळे एकट्या पात्यावरून निर्णय करणे धाडसाचे ठरते (हौशी संग्राहक हे धाडस नेहमी करतात!). निर्णय होतो तो सोबतच्या खापरांवरून: तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी असेल तर जोर्वे संस्कृती, म्हणजे इ. स. पू. सुमारे १४०० ते १०००. घोटीव राखी खापरे असतील तर दक्षिणेकडील नवाश्मयुगाकडे लक्ष जाते. पाते उचलून देवळाच्या ओट्यावर ठेवले की हा पुरावा शेतातच राहून जातो. म्हणून शेताचा गट क्रमांक, पाते मिळाले ती खोली आणि आसपासची खापरे यांची नोंद करून राज्य पुरातत्त्व विभागास कळवावे.