मंजुरी लांबली, दोष कोणाचा? कारवाईबद्दलचे पाच गैरसमज

मंजुरीला उशीर झाला की बोट बहुधा शेवटच्या टेबलाकडे वळतं. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अशा उशिरासाठी शिक्षा झाली, तर एक फरक पक्का ध्यानात ठेवावा: उशीर झाला हे सिद्ध होणं वेगळं आणि तो तुमच्यामुळे झाला हे सिद्ध होणं वेगळं.

गैरसमज १ : सात दिवस उलटले की कर्मचारी दोषी.
वस्तुस्थिती : २००५ चा ‘दप्तर दिरंगाई’ कायदा सांगतो, की सर्वसाधारणपणे फाइल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत, पाठवायची असेल तर ३ महिन्यांत निर्णय व्हावा. शिस्तभंगाची कारवाई मात्र हेतुपुरस्सर विलंबासाठी किंवा हयगयीसाठी आहे. न्यायप्रविष्ट व अर्धन्यायिक प्रकरणं आणि मोठे धोरणात्मक निर्णय यांना या मुदती लागू नाहीत. म्हणून फाइल आपल्याकडे कधी आली, त्रुटी काढून कधी परत गेली, अभिप्रायासाठी किती दिवस बाहेर होती, हे ‘कारणे दाखवा’ नोटिशीच्या उत्तरात तारीखवार मांडावं. टिपणीवरच्या सह्या, आवक-जावक नोंदवही आणि ई-ऑफिसमधल्या नोंदी हा त्याचा पुरावा.

गैरसमज २ : कामात कमी पडणं म्हणजे गैरवर्तन.
वस्तुस्थिती : आसाममधील उपायुक्त जे. अहमद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये स्पष्ट केलं, की कार्यक्षमतेचा अभाव किंवा निर्णयातली एखादी चूक हे एरवी गैरवर्तन ठरत नाही. परिणाम फार गंभीर असतील, तर मात्र निष्काळजीपणाही गैरवर्तनात मोडू शकतो.

गैरसमज ३ : नुसता ठपका तर आहे, उत्तर कशाला द्यायचं?
वस्तुस्थिती : १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत ठपका ही शिक्षाच आहे. वेतनवाढ रोखणं, नुकसानीची वसुली याही त्याच ‘किरकोळ’ गटात येतात. त्यांच्याआधीही आरोप लेखी कळवून म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. पदावनती किंवा बडतर्फीसारख्या मोठ्या शिक्षेसाठी दोषारोपपत्र आणि रीतसर विभागीय चौकशी लागते. चौकशी अधिकारी वेगळा असेल, तर त्याच्या अहवालाची प्रत शिक्षेआधी मिळायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयात करुणाकर प्रकरणात १९९३ मध्ये ठरलं. ती मिळाली नाही, तर त्यामुळे बचावाचं काय नुकसान झालं हेही दाखवावं लागतं.

गैरसमज ४ : थेट मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येतं, आणि स्मरणपत्रं पाठवत राहिलं की मुदत वाढते.
वस्तुस्थिती : आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील करावं लागतं. मॅटची पायरी सर्वसाधारणपणे त्यानंतरची. अंतिम आदेशापासून १ वर्षात तिथे अर्ज करायचा. अपिलावर ६ महिने निर्णयच झाला नाही, तरी मॅटचा मार्ग मोकळा होतो आणि तिथून पुढे १ वर्ष मिळतं. नियमात नसलेली निवेदनं देत राहिल्याने हे घड्याळ थांबत नाही.

गैरसमज ५ : अपिलात गमावण्यासारखं काही नसतं, पुढे मॅट सगळा पुरावा नव्याने तपासेलच.
वस्तुस्थिती : अपील प्राधिकारी शिक्षा कमी किंवा रद्द करू शकतो, तसंच म्हणणं मांडण्याची संधी देऊन ती वाढवूही शकतो. मॅट मुख्यतः निर्णयाची प्रक्रिया तपासतं. पुरावा पुन्हा तोलत बसत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयात बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात १९९५ मध्ये मांडलं गेलं. म्हणून तारखांचा तक्ता मॅटसाठी राखून ठेवू नये. ‘कारणे दाखवा’ नोटिशीच्या पहिल्याच उत्तराला तो जोडावा.