परसातील अंडी

लखनौ शहराने कोंबड्याचे लाड पुष्कळ पुरविले, कोंबडीकडे मात्र फारसे पाहिले नाही. नवाब असफउद्दौला यांच्या काळी झुंजींचे प्रस्थ असे की, योहान झॉफनी या चित्रकाराने 1784 च्या सुमारास येथील एक झुंज भल्या मोठ्या पटावर रंगविली. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. 1960 च्या कायद्याने प्राण्यांना झुंजविणे हा गुन्हा ठरला. परंतु कोंबडा हाच घरचा मुख्य पक्षी, ही समजूत मात्र अजून टिकून आहे.

वस्तुतः अंड्यांसाठी कोंबड्याची मुळीच गरज नसते. पिले हवी असली तरच तो लागतो. शहरात परसात पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्याने त्याला आणूच नये. शेजाऱ्यांची पहाटेची झोप तेवढीच वाचते.

जात कोणती घ्यावी? झुंजीसाठी गाजलेली असील जात अंडी थोडीच देते, पण काटक असते आणि खुडूक झाली की अंडी मनोभावे उबविते. पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते, परंतु तिला नेमके खाद्य व निगा लागते. बरेलीजवळ इज्जतनगर येथे 1979 साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून परसासाठी ‘निर्भीक’ ही कोंबडी तयार केली. ती वर्षाला दीडशेहून अधिक अंडी देते. घरच्या पालकाला हा मध्यममार्गच सोयीचा.

पक्षी आणला की अंडी आपोआप मिळतील, असे मात्र समजू नये. तलंग साधारण पाच महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते. पण ती किती देईल हे बऱ्याच अंशी प्रकाशावर ठरते. कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे खरे. पण तांबडे उशिरा फुटले की कोंबडीचे अंडे मात्र राहते. पुरेशी अंडी देण्यास तिला दिवसाकाठी सुमारे चौदा तास उजेड लागतो. लखनौस जूनमध्ये तो निसर्गतःच मिळतो. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेदहा तासांचा. मुंबईकडे तोच सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणून उत्तरेकडील हिवाळ्यात अंडी अधिक घटतात. पहाटे खुराड्यात मंद दिवा लावून ही तूट भरता येते. तो संध्याकाळी लावून एकदम विझविल्यास पक्षी दांडीवर चढण्यापूर्वीच अंधारात सापडतात. घरापुरती अंडी हवी असणाऱ्याने हिवाळ्यात कोंबडीस विसावा दिला तरी हरकत नाही.

उन्हाळ्यात संकट निराळे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडी ठेवून धापा टाकते आणि शरीर थंड करते. त्या धापांबरोबर रक्तातील कर्बाम्लवायू कमी होतो, आणि ज्या कर्बोनेटपासून कवच बनते तेच अपुरे पडते. म्हणून ऐन लू वाहत असताना, चुना भरपूर देऊनही, कवच पातळ येते. त्यावर उपाय म्हणजे दाट सावली, खेळती हवा आणि दिवसातून अनेकदा बदललेले गार पाणी. एक कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते. पाणी त्याच्या दुप्पट पिते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. कवच तयार होण्यास सुमारे वीस तास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री चालते. म्हणून शिंपल्यांचा चुरा सायंकाळी पुढे ठेवावा. केवळ उष्ट्या अन्नावर आणि कण्यांवर ठेवलेल्या कोंबडीकडून नियमित अंड्यांची अपेक्षा करू नये.

अखेरीस रोगाविषयी. आपले शेतकरी ज्याला मानमोडी म्हणतात त्या रोगाचे शास्त्रीय व्यवहारातील नाव राणीखेत. पूर्वीच्या संयुक्त प्रांतातील कुमाऊँमध्ये त्या गावी तो 1920 नंतरच्या दशकात आढळला, म्हणून हे नाव पडले. एका खुराड्यात तो शिरला तर सारा कळप दोन-चार दिवसांत नाहीसा होऊ शकतो, आणि रोग झाल्यावर औषध नाही. मात्र लस आहे. कुमाऊँमधीलच मुक्तेश्वर येथे 1940 च्या सुमारास सिद्ध केलेली लस अजूनही उपयोगात आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात सौम्य लस व सुमारे आठव्या आठवड्यात ही दुसरी लस, पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावी. नवा पक्षी आणला की दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.

पाच-सहा कोंबड्यांपासून मोठा नफा होत नाही. पण वाढत्या मुलांच्या ताटात रोज एक ताजे अंडे पडते, आणि गृहस्थाला ऋतूंकडे लक्ष देण्याची सवय लागते. एवढ्याच भांडवलावर हा उद्योग करून पाहावा.